फुकट भाषांतरवाल्यांच्या गर्दीत कन्नड-मराठीचं काम करून पोट कसं भरायचं

“एकच पान आहे बघ, पटकन मराठीत करून दे की.” बेळगावात कन्नड-मराठी भाषांतर करणाऱ्याला हे वाक्य आठवड्यातनं चारदा तरी ऐकायला मिळतंय, आणि ते एक पान म्हणजे काय असतंय तर जमिनीच्या उताऱ्याच्या दोन्ही बाजू, मागं टाचलेला फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), आणि कॉलम 11 मधली सोसायटीच्या कर्जाच्या बोजाची नोंद, जिची झेरॉक्सवर झेरॉक्स काढून निम्मी अक्षरं उडून गेलेली असतात. तुम्ही पैसे सांगितलात की समोरचा जरासं हसतो, म्हणतो राहू दे मग, गल्लीच्या ग्रुपवर टाकतो, पोरं फुकट करून देतात. आणि देतात हो खरंच, रात्री फोटो टाकला की सकाळी चहाच्या आधी मराठी हजर.

मी टिळकवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल भाड्यानं घेऊन हे काम सुरू केलं, त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. मधे दोन वर्षं अशी गेली की धंदा बंद करून एखाद्या शोरूमला लागावं असं वाटायचं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी खाली लिहितोय. नवीन सुरू करणाऱ्यांना उपयोग होईल, आणि फुकट करणाऱ्या पोरांनीपण वाचावं, शिव्या घातलेल्या नाहीत.

आधी हे गिळा: इथं भाषा येणं ही कला समजतच नाहीत

पुण्यात कुणाला कन्नड येतंय म्हटलं की लोक वळून बघतात. इथं गणपत गल्लीत भाजीवाली मावशी तीन भाषांत भाव सांगते आणि चौथ्या भाषेत हिशोब करते, मग तुझं काय विशेष? घरात मराठी, शाळेत कन्नड, मित्रांत हिंदी, असं सगळ्यांचंच आहे, त्यामुळं भाषांतराला पैसे मागणं म्हणजे पाणी प्यायला पैसे मागितल्यासारखं लोकांना वाटतंय. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. “मला दोन्ही भाषा येतात” ह्या वाक्यावर तुम्हाला इथं एक रुपया मिळणार नाही, हे पहिल्या दिवशी लिहून भिंतीला लावा.

पण त्याच जागेमुळं काम पण आहे, आणि भरपूर आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला (कर्नाटक हे नाव 1973 चं). त्यामुळं एकाच घराच्या ट्रंकेत आजोबांचा कागद मोडीत, वडलांची वाटणी मराठीत, आणि आताचा उतारा कन्नडमधे कॉम्प्युटरवरचा. पोरगा कोल्हापुरात बँकेकडं कर्जाला गेला की मॅनेजर म्हणतो हे मराठीत नाहीतर इंग्लिशमधे आणा. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडनं अशी माणसं येतात, नातीगोती दोन्ही बाजूला आहेत ना. काम कमी पडत नाही, फक्त त्यातलं कुठलं पैशाचं आणि कुठलं फुकटचं हे तुम्हाला ओळखता यायला पाहिजे.

फुकट कुठं, बिल कुठं

माझा नियम एकच आहे: हे भाषांतर झाल्यावर फायदा कुणाच्या खिशात जातोय ते बघायचं. खानापूरच्या आतल्या खेड्यातली विधवा बाई पेन्शनचा नाकारलेला अर्ज घेऊन आली, काय लिहिलंय सांगा म्हणाली, तर बसवून वाचून दाखवायचं, चहा पाजायचा, पैशाचं नाव काढायचं नाही. पण पतसंस्था, बिल्डर, दवाखाना, कॉलेज, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार, ह्यांच्याकडं छपाईला पैसे असतात, मंडपाला असतात, फुलांच्या हाराला असतात, आणि भाषांतराची वेळ आली की एकदम “आपलाच माणूस” सुरू होतंय. तिथं बिल.

संकटाच्या वेळी मात्र हिशोब बाजूला ठेवायचा. 2019 च्या ऑगस्टमधे महापूर आला तेव्हा नुकसानीचे फॉर्म कन्नडमधे आणि भरणारी अर्धी माणसं मराठी, तेव्हा ग्रुपवरच्या ह्याच पोरांनी रात्री जागून फॉर्म भरून दिले, मी पण बसलो होतो. 2020 ला लॉकडाऊनमधे कोगनोळीच्या सीमानाक्यावर पाससाठी सेवासिंधू ह्या कर्नाटक सरकारच्या वेबसाइटवर अर्ज भरायचे होते, तेव्हापण तसंच. ते बरोबरच होतं. जगातपण असंच चालतंय, 2010 च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या लोकांचे क्रिओल भाषेतले एसएमएस जगभरातल्या स्वयंसेवकांनी इंग्लिश करून मदत पथकांना दिले. ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स म्हणून संस्था आहे, 1993 ला फ्रान्समधे सुरू झालेली, तिथं पक्के व्यावसायिक भाषांतरकार सेवाभावी संस्थांची कामं फुकट करतात. म्हणजे फुकट हा शब्द वाईट नाही.

वाईट कुठं होतंय ते बघा. 2008 ला फेसबुकनं आपली वेबसाइट दुसऱ्या भाषांत आणली ती वापरणाऱ्या लोकांकडनंच भाषांतर करून घेऊन, फुकट. पुढच्या वर्षी लिंक्डइननं तर व्यावसायिक भाषांतरकारांनाच विचारलं की तुम्ही आमच्यासाठी कशाच्या बदल्यात कराल, आणि त्या पर्यायांत पैसे सोडून बाकी सगळं होतं, त्यावर लोक जाम भडकले. आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेचं आणि त्या कंपन्यांचं गणित एकच आहे, फक्त आकडा लहान.

सुस्तीदार म्हणजे आळशी न्हवे

ही गोष्ट सांगायलाच पाहिजे. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मी पाच-सहा वर्षं करत होतो, कन्नड मूळ, मराठी भाषांतर, चाळीसेक पानं. एके वर्षी फोनच आला नाही. चौकशी केली तर कळलं की एका संचालकाच्या भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी वाटून घेऊन फुकट करून दिलं, समाजसेवा म्हणून, अहवालात आभारपण छापलेत. बरं म्हटलं. सभेच्या दिवशी मी सभासद म्हणून हॉलमधे बसलोय, चेअरमन मराठी प्रत वाचायला उठले, आणि वाचता वाचता आलं, “आळशी सभासदांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.” हॉल फुटला हसून. मागनं एकजण ओरडला, मग सेक्रेटरीपासनं सुरू करा!

झालं काय, कन्नडमधे सहकारी सोसायटीच्या भाषेत ‘सुस्ती’ म्हणजे थकबाकी आणि ‘सुस्तीदार’ म्हणजे थकबाकीदार. पोरांना वाटलं आपलीच सुस्ती.

हे हसण्यावारी गेलं, पण सगळं जात नाही. दोन्ही भाषांत शब्द सारखा आणि अर्थ वेगळा असे शब्द म्हणजे आमच्या धंद्यातली खरी कमाई आणि खरा धोका. तुम्ही सुरुवात करत असाल तर आजच एक वही घाला आणि असे शब्द लिहायला लागा. कन्नड ‘अवकाश’ म्हणजे संधी किंवा तरतूद, त्यामुळं ‘नियमात अवकाश नाही’ ह्याचा अर्थ तरतूद नाही असा होतोय, साहेबाला सवड नाही असा नाही. कन्नड ‘तकरारु’ कोर्टाच्या, महसुलाच्या कागदात बहुतेकदा हरकत असते, आपली तक्रार न्हवे, तक्रारीला ते ‘दूरु’ म्हणतात. ‘विचारणे’ म्हणजे सुनावणी किंवा चौकशी. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे ‘अनुमान’. कन्नडमधे अनुमान म्हणजे संशय, ‘अनुमानास्पद सावु’ म्हणजे संशयास्पद मृत्यू. हे कुणीतरी ‘अनुमानित मृत्यू’ करून विम्याच्या फाईलला जोडलेलं माझ्याकडं दुरुस्तीला आलं होतं, आता विमावाल्यानं त्यातनं काय समजायचं, माणूस मेलाय की मेला असं धरलंय? त्या घराचे किती महिने हेलपाट्यात गेले ते विचारू नका. करून देणारी मुलगी हुशार होती, मनानं चांगली होती, कन्नड माझ्यापेक्षा फर्डं बोलते. पण रोज बोलायचं कन्नड वेगळं आणि पोलीस पंचनाम्याचं कन्नड वेगळं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शब्द विकू नका, सही विका

पानाला इतके, शब्दाला इतके असं सांगत बसलात की समोरच्याच्या डोक्यात लगेच तुलना सुरू, ग्रुपवर तेच शब्द शून्य रुपयात मिळतात. तुम्ही विकायचं ते भाषांतराखालचं तुमचं नाव, पत्ता आणि सही. चूक निघाली तर कुणाला धरायचं हे त्या सहीमुळं ठरतंय. ग्रुपवरचं भाषांतर कुणाचंच नसतंय.

आपल्या देशात काही बाहेरच्या देशांसारखं सरकारनं शपथ देऊन नेमलेल्या भाषांतरकारांचं सरसकट लायसन्स नाही. व्यवहारात चालतंय ते असं: भाषांतरकार स्वतः अॅफिडेव्हिट करतो की मला दोन्ही भाषा येतात आणि हे मूळ कागदाचं खरं भाषांतर आहे, आणि नोटरीसमोर सही करतो. नोटरी कायदा 1952 च्या कलम 8 मधे कागदाचं भाषांतर करणं आणि ते पडताळणं हे नोटरीच्या कामातच धरलंय, पण बहुतेक नोटरी तुमच्या सहीवर शिक्का मारतात, भाषांतर ते वाचत बसत नाहीत. म्हणजे जबाबदारी तुमचीच. गिऱ्हाईकाला हे सरळ सांगा, लपवू नका, जबाबदारी माझी आहे म्हणूनच पैसे घेतोय म्हणा, बहुतेकांना पटतंय. पण कागद कुठं द्यायचाय ते आधी विचारा, काही ऑफिसांना नोटरी लागते, काहींना नुसती सही चालते, उगाच नोटरीचा खर्च गिऱ्हाईकाच्या माथी मारू नका.

सही करायची म्हणजे काम पण तसं पाहिजे. नाव कधीही सुधारायचं नाही. मूळात ‘लकमण’ असेल तर ‘लकमण’च लिहायचं, तुम्हाला कितीही माहीत असू दे की तो लक्ष्मण आहे आणि तुमच्या मावशीच्या गल्लीत राहतो. आधार कार्डावर वेगळं आहे म्हणून गिऱ्हाईक गळ घालणार, करा की तेवढं, कोण बघतंय. नाही करायचं. खाली टीप द्या की मूळात असंच आहे. फुकटवाले इथंच फसतात, प्रेमापोटी नाव नीट करून देतात आणि मग मूळ आणि भाषांतर जुळत नाही म्हणून अख्खी फाईल परत येते. ‘बिन’ आणि ‘कोम’ दिसलं तर गोंधळू नका, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, जुन्या मोडी कागदांतपण तेच चालायचं. वाचता न आलेल्या जागी अंदाज मारायचा नाही, चौकोनी कंसात ‘अस्पष्ट’ लिहायचं. शिक्का असेल तर ‘गोल शिक्का’ लिहून आतला मजकूर द्यायचा.

आकडे तर दोनदा नाही, तीनदा. जुन्या हातानं लिहिलेल्या कागदात कन्नड आकडे असतात आणि अंधुक झेरॉक्सवर कन्नड एक आणि शून्य भावासारखे दिसतात, सहा आणि नऊ पण तसेच. क्षेत्रात अजून एक खड्डा आहे. आपल्याकडं उताऱ्यावर एकर-गुंठे असतात, 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा, आणि पलीकडं महाराष्ट्रात सातबाऱ्यावर हेक्टर-आर. आता 3-20 असं लिहिलेलं कुणी उत्साहात 3.20 हेक्टर केलं की झालं वाटोळं, कारण 3 एकर 20 गुंठे म्हणजे साडेतीन एकर, म्हणजे 1 हेक्टर 41 आरच्या आसपास. जमीन कागदावर दुपटीपेक्षा जास्त झाली! मूळ माप आहे तसं लिहायचं, रूपांतर पाहिजेच असेल तर खाली टिपेत. ‘खराब’ क्षेत्र आलं तर अ खराब की ब खराब ते सोडायचं नाही, अ म्हणजे पिकाला निरुपयोगी, ब म्हणजे रस्ता-नाला असल्या सार्वजनिक कामासाठी ठेवलेलं, बँकेचा वकील तेच शोधत असतो.

मोबाईलवर फोटो मारून भाषांतर करणाऱ्यांबद्दल वेगळं काही सांगत नाही. होसमनी आडनावाच्या माणसाचं फोननं ‘नवीन घर’ केलेलं मी डोळ्यानं बघितलंय. तुम्ही पण पहिला मसुदा फोनवर काढलात तर काढा, मी पण कधीकधी काढतो, पण सही करायच्या आधी ओळ न् ओळ मूळाशी लावून बघा.

“फक्त तपासून दे”

हा नवा प्रकार आहे आणि ह्यात चांगले चांगले अडकतात. ‘आळशी सभासदा’च्या पुढच्या वर्षी त्या पतसंस्थेचा फोन आलाच, पण काय म्हणाले, पोरांनी केलंय, तू फक्त नजर टाक, निम्मे पैसे घे. मी हो म्हटलं आणि चुकलो. दुसऱ्याचं कच्चं भाषांतर नीट करायला नवीन करण्यापेक्षा जास्त वेळ जातोय, कारण आधी त्याला काय म्हणायचं होतं ते शोधा, मग मूळात काय आहे ते बघा, मग त्याचं मन न दुखावता खोडा. आता मी तपासणी तासावर घेतो, आणि आधी दोन पानं नमुना म्हणून मागतो. दोन पानांतच कळतंय. लईच गाळ असेल तर सरळ सांगतो की नवीन करतो, नवीनचा दर पडेल. एकदोघं निघून गेले, जाऊ देत.

पैसे कसे सांगायचे

तोंडानं सांगू नका, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: किती पानं, कधी देणार, नोटरी वेगळी की धरून, निम्मे आगाऊ. ओळखीच्यांकडनं आगाऊ मागायला जीभ जड होते, माझीपण व्हायची. त्यावर मी एक युक्ती केली, पावतीपुस्तक छापून घेतलं. समोर पुस्तक उघडलं की मागायला लागत नाही, माणूस आपोआप खिशात हात घालतो. खर्चाचा हिशोब एकदा घरी बसून करा: एका उताऱ्याच्या संचाला तुम्हाला खरंच किती तास लागतात, त्यात समोरच्याशी बोलण्याचा आणि सबरजिस्ट्रार ऑफिसच्या नकलेची वाट बघण्याचा वेळ धरा, मग महिन्यात असे किती संच होतात ते काढा, आणि महिन्याला घर चालायला जेवढे पैसे लागतात त्यांना त्या संख्येनं भागा. निघेल तो आकडा बघून तुम्हीच हबकाल. त्याच्या खाली कधीच जाऊ नका. गेलात तर त्यापेक्षा पूर्ण फुकट करा.

आणि फुकट केलंत तरी बिल द्या. पूर्ण रक्कम लिहायची, खाली सूट शंभर टक्के, भरायची रक्कम शून्य. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी दरवर्षी परवानगीच्या अर्जाचं असंच शून्याचं बिल देतो. पहिल्या वर्षी हसले, आता वर्गणी मागायला येताना जरा दबून येतात.

ग्रुपवरच्या पोरांना

तुम्ही थांबा असं मी म्हणणार नाही. घरच्या माणसाला कागद समजावून सांगणं, फॉर्म भरून देणं, दवाखान्यात म्हातारीबरोबर जाऊन डॉक्टरचं कन्नड मराठीत सांगणं, हे करायलाच पाहिजे, ह्यासाठी कोण पैसे देणार आणि कोण घेणार. पण ते समजावून सांगणं असू दे. लिहून दिलंत तर वर ‘फक्त माहितीसाठी, अधिकृत नाही’ एवढं टाका. त्या एका ओळीनं तुम्ही पण वाचाल आणि तो माणूस पण.

एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतो. तुमच्यातले बरेच जण सरकारी परिपत्रकं मराठीत करून फिरवता, मराठीसाठी म्हणून, भावना चांगली आहे. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यावेत हे देशपातळीवर ठरलेलं धोरण आहे, आणि घटनेच्या 350 ब कलमाखाली त्यासाठी विशेष अधिकारीपण असतो. त्या ऑफिसनं भाषांतरकार नेमून पगार द्यायला पाहिजे. तुम्ही रात्रीत फुकट करून टाकलंत की साहेब म्हणतो लोकांना कळतंय की, कुठं अडलंय? ज्या खुर्चीवर तुमच्यातलाच एखादा पगार घेऊन बसला असता ती खुर्ची तुम्हीच उचलून ठेवताय. भाषांतर करा, पण त्याच्याबरोबर मराठी प्रत मागणारा अर्जपण त्याच ऑफिसात देऊन पोच घ्या. अर्ज मराठीत दिला तरी चालतो, तो हक्क 350 कलमात आहे.

आणि ज्याला ह्यात खरंच गोडी आहे त्यानं कुणातरी जुन्या माणसाकडं जाऊन बसावं. पतसंस्थेचा तो अहवाल करणाऱ्यांतला एक पोरगा वर्षभरानं माझ्याकडं आला, मान खाली घालून, काका तो सुस्तीदार माझाच होता म्हणाला. आता दर शनिवारी येतो, साधे उतारे तो करतो, मी बघतो, निम्मे पैसे त्याचे. आता टेबल अर्धं पुरत नाही म्हणून झेरॉक्सवाल्याकडनं पूर्णच घेतलंय. परवा त्याच्या आत्याचा फोन आला, “काय करूलालास, एकच पान आहे बघ,” तर हा पठ्ठ्या म्हणतो, आत्ती, तुला वाचून दाखवतो फुकट, पण बँकेत द्यायचं असेल तर पावती फाडायला लागते. आत्या चिडली, दोन दिवसांनी कागद घेऊन आली. सही अजून माझीच जाते. कन्नड एक आणि शून्य तो अजून महिन्यातनं एकदा तरी चुकवतोच.